कुष्ठरोगात त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं नेमकं काय होतं?

प्रश्न असा आहे. चौपन्न वर्षांच्या आईला कुष्ठरोग झाला, एमडीटीची, म्हणजे अनेक औषधं एकत्र देण्याच्या उपचाराची, पाकिटं आठ महिने नियमित चालू आहेत, चट्टे फिके पडत होते, आणि अचानक चेहऱ्यावर, दंडांवर, मांड्यांवर लाल, हात लावला तरी दुखणाऱ्या गाठी आल्या. संध्याकाळी ताप चढतो. डॉक्टर म्हणाले, कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांना सूज आली आहे. घरातली मंडळी म्हणतात रक्त बिघडलं, गोळ्या उष्ण पडल्या, आता बंद करा. मुलानं विचारलं आहे की या रोगात रक्तवाहिन्यांचं काय होतं, आणि बोटं झडतात ती रक्त पोचत नाही म्हणून का?

पुढचं वाचण्याआधी एक काम करा. गोळ्या बंद करू नका आणि आईला उद्या सकाळीच दाखवा. डोळा लाल झाला असेल, उजेड सहन होत नसेल, कोपराच्या आतल्या बाजूची शीर (इथं शीर म्हणजे मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) दुखत असेल, चप्पल पायातून नकळत निसटत असेल किंवा भाकरी थापताना करंगळी साथ देत नसेल, तर उद्याचीही वाट पाहू नका. मी बरीच वर्षं विदर्भात त्वचारोग पाहतो आहे. अशा रुग्णांचं नुकसान बहुतेक वेळा रोगापेक्षा वाया गेलेल्या दिवसांनी होतं.

आता मूळ मुद्दा. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात रक्तवाहिनी नसतेच. त्याखालच्या जाड थरात, ज्याला आम्ही डर्मिस म्हणतो, रक्तवाहिन्यांची दोन जाळी असतात. एक वरच्या थराला लागून, दुसरं खाली चरबीच्या सीमेवर. यातल्या केशवाहिन्या इतक्या बारीक की तांबड्या पेशी त्यातून जवळजवळ एका रांगेत सरकतात. वाहिनीच्या आतून चपट्या पेशींचं एकपदरी अस्तर असतं. त्याला एंडोथेलियम म्हणतात. या वाहिन्या एकट्या जात नाहीत. त्यांच्या सोबतीनं बारीक मज्जातंतू जातात, बाजूला घामाच्या ग्रंथी असतात. कुष्ठरोगाचा जंतू नेमका याच शेजारात राहतो, म्हणून मज्जातंतूचा आजार आणि वाहिन्यांचा आजार या रोगात वेगळे काढता येत नाहीत.

हा जंतू हॅन्सन यांनी १८७३ मध्ये नॉर्वेतल्या बर्गेन इथं पाहिला. तो अतिशय संथ वाढतो, एकाचे दोन व्हायला साधारण दोन आठवडे घेतो, आणि त्याला थंडावा आवडतो. २७ ते ३३ अंश सेल्सियस तापमानात तो सुखानं राहतो. मज्जातंतूभोवतीच्या श्वान पेशी आणि भक्षक पेशी ही त्याची घरं सगळ्यांना माहीत असतात. तिसरं घर फारसं सांगितलं जात नाही, ते म्हणजे रक्तवाहिनीचं हे एकपदरी अस्तर. ज्यांच्या शरीराची प्रतिकारशक्ती या जंतूला ओळखतच नाही, त्या लेप्रोमॅटस प्रकारात कातडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की भक्षक पेशी जंतूंनी फुगून फेसाळलेल्या दिसतात आणि वाहिन्यांच्या अस्तरातही लाल काड्यांसारख्या दिसणाऱ्या जंतूंचे जुडगे दिसतात. चमत्कार असा की वाहिनी मात्र उघडी असते, रक्त वाहत असतं. अशा माणसाच्या रक्तातही जंतू फिरत असतात, तरी त्याला ना ताप, ना थकवा. दुसरा कुठला जंतू एवढ्या संख्येनं रक्तात असता तर माणूस अतिदक्षता विभागात असता. हा तसा विषारी नाही. तो फक्त राहतो आणि रक्ताच्या वाटेनं शरीराच्या थंड भागात पोचतो. कानाची पाळी, भुवया, नाक, बोटं, गुडघे, कोपरं. काखेत, जांघेत हा रोग क्वचितच दिसतो, कारण तिथं ऊब असते.

कानाच्या पाळीचा नमुना घेताना हे सगळं हाताखाली येतं. अंगठा आणि तर्जनीत पाळी घट्ट चिमटीत धरायची, इतकी की ती पांढुरकी पडते. म्हणजे तिथल्या केशवाहिन्यांतलं रक्त बाजूला सरतं. मग पात्यानं सुमारे ५ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर खोल चीर द्यायची, पातं आडवं फिरवून चिरेच्या कडेचा रस खरवडायचा आणि काचेवर पसरायचा. चिमटी सैल पडली की रक्त येतं आणि नमुना वाया जातो. तंत्रज्ञ नवशिका असेल तर काचेवर तांबडा डाग दिसतो, मुरलेला असेल तर फिकट, ओलसर ठिपका. जंतू शोधायचे असतात ते उतीरसात, सांडलेल्या रक्तात नव्हे.

रक्तवाहिन्यांचा आणखी एक उपयोग हा जंतू करतो आणि तो मला सगळ्यात गंभीर वाटतो. अमेरिकेत लुइझियानात डेव्हिड स्कॉलर्ड यांनी आर्माडिलो या प्राण्यांवर काम केलं. या प्राण्याच्या शरीराचं तापमान कमी असतं, म्हणून त्याला कुष्ठरोग होतो. त्यांना असं दिसलं की मज्जातंतूच्या बाहेरच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांच्या आणि लसिकावाहिन्यांच्या अस्तरात जंतू आधी जमतात आणि तिथून मज्जातंतूच्या आत शिरतात. म्हणजे मज्जातंतूला रक्त पुरवणारी बारीक वाहिनी हीच जंतूची आत जायची वाट.

दुसऱ्या टोकाला ट्युबरक्युलॉइड प्रकार. तिथं शरीर जंतूला ओळखतं आणि त्याच्यावर तुटून पडतं. चट्टा एखाददुसरा, कडा स्पष्ट, मध्ये बधिर. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या लांबट गाठी वाहिनी आणि मज्जातंतूच्या जोडीला धरून गेलेल्या दिसतात. त्या मारामारीत मज्जातंतू मरतो, वाहिनी बहुधा वाचते. म्हणून चट्ट्यावर खरचटलं तर रक्त येतं, दुखत मात्र नाही.

तुमच्या आईला जे झालं आहे, त्याला तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून 'इरिथेमा नोडोसम लेप्रोसम' म्हणतात. दवाखान्यात आम्ही ईएनएल किंवा टाइप टू रिअॅक्शन म्हणतो. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान पक्कं करता येत नाही, पण चित्र नेहमीचं आहे. लेप्रोमॅटस टोकाच्या, म्हणजे जंतू भरपूर असलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना कधी ना कधी हा झटका येतो. औषधानं जंतू मरतात, फुटतात, त्यांचे तुकडे शरीरात मोकळे होतात. शरीरानं त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं केलेली असतात. तुकडा आणि प्रतिपिंड यांच्या जोड्या बारीक वाहिन्यांच्या भिंतीत आणि आसपासच्या उतीत साचतात, पूरक प्रथिनं जागी होतात, न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात, टीएनएफसारखी दाह वाढवणारी रसायनं सुटतात. वाहिनी फुगते, तिच्या भिंतीतून पाझर सुरू होतो. बाहेरून जी लाल, गरम, दुखरी गाठ दिसते ती ही. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अशा प्रत्येक गाठीचा तुकडा तपासला तर प्रत्येकात वाहिनीचा दाह दिसतोच असं नाही. काहींत फक्त न्यूट्रोफिलचा गराडा दिसतो. म्हणून 'रक्तवाहिन्यांना सूज' हे डॉक्टरांचं वाक्य बरोबर आहे, पण ते या झटक्याचं सगळं चित्र नव्हे. हा झटका कातडीपुरता राहत नाही. डोळे, सांधे, मूत्रपिंड, पुरुषांत वृषण आणि सगळ्यात मोलाचे मज्जातंतू, सगळीकडे तो जाऊ शकतो.

या गाठी जुन्या चट्ट्यांवर येत नाहीत, चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर येतात. एका रात्रीत येतात, काही दिवसांत बसतात, जाताना जांभळट, मग तपकिरी डाग सोडतात आणि तोवर दुसरीकडे नवी खेप आलेली असते. सुरुवातीच्या गाठीवर काचपट्टी दाबली तर लाली नाहीशी होते, कारण रक्त अजून वाहिनीतच असतं आणि दाबानं बाजूला जातं. काच दाबूनही डाग तसाच राहिला तर रक्त वाहिनीबाहेर सांडलं आहे किंवा आत गोठलं आहे. मग मी रुग्णाला घरी पाठवत नाही.

टाइप वन रिअॅक्शन वेगळी. तिच्यात असलेलाच चट्टा लालभडक होतो, सुजतो, कधी हातपाय सुजतात, अंगात ताप फारसा नसतो. तिथं वाहिन्या रुंदावतात आणि पाझरतात, कातडीत पाणी साठतं. गाठी नाहीत म्हणून लोक ती हलक्यात घेतात. पण मज्जातंतूला ती जास्त घातक. मज्जातंतू एका न ताणणाऱ्या आवरणात असतो. आत सूज आली की सुजलेल्या मनगटात अडकलेल्या बांगडीसारखी गत होते. दाब वाढतो, आतल्या बारीक वाहिन्या चेपल्या जातात, रक्त कमी पडतं आणि तंतू मरू लागतात. कोपराजवळची अल्नर शीर, गुडघ्याच्या बाहेरची पेरोनियल, घोट्यामागची टिबियल या ठिकाणी हे जास्त होतं. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं की सूज उतरते, वाहिन्या मोकळ्या होतात. ताकद किंवा संवेदना जाऊन सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू झाले तर ती परत मिळण्याची आशा चांगली असते. त्यानंतर झपाट्यानं कमी होते.

वाहिन्यांचा खरोखर भयंकर आजार या रोगात एकच, आणि तो दुर्मीळ आहे. मेक्सिकोत लुसिओ आणि अल्व्हाराडो यांनी १८५२ मध्ये तो लिहून ठेवला, नंतर १९४८ मध्ये लातापी आणि चेवेस सामोरा यांनी तो पुन्हा नीट मांडला. ज्यांना गाठी किंवा चट्टे न येता सगळी कातडीच एकसारखी जाड होते, भुवया-पापण्या गळतात, चेहरा तुकतुकीत आणि सुरकुत्यांविना दिसतो, अशा उपचाराविना राहिलेल्या रुग्णांत हा येतो. पायांवर वेड्यावाकड्या कडांचे जांभळे डाग पडतात, ते काळे पडून खपली धरतात, खाली जखम होते, भरल्यावर पांढरे ताऱ्यासारखे वण राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली अस्तराच्या पेशी जंतूंनी भरलेल्या आणि वाढलेल्या, वाहिनीची पोकळी अरुंद, आत गुठळी, वरची कातडी रक्ताविना मेलेली. २००८ मध्ये मेक्सिकन वंशाच्या अशाच रुग्णांत एक वेगळा, पण जवळचा जंतू सापडला. त्याला मायकोबॅक्टेरियम लेप्रोमॅटोसिस असं नाव दिलं. आपल्याकडेही या लुसिओ प्रकाराचे रुग्ण तुरळक नोंदले गेले आहेत. जंतू भरपूर असलेल्या रुग्णांच्या रक्तात कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडं सापडतात, त्यामुळे कधी कधी सिफिलिसची व्हीडीआरएल चाचणी खोटीच पॉझिटिव्ह येते आणि घरात नको ती शंका शिरते. ती शंका मनातून काढून टाका आणि पुष्टीची चाचणी करून घ्या.

लाली दिसली म्हणजे वाहिन्याच, असंही नाही. क्लोफाझिमिन या गोळीनं कातडी तांबूस-काळपट होते. ती रंगानं होते, दुखत नाही, गरम लागत नाही आणि औषध संपल्यावर हळूहळू उतरते. रिफाम्पिसिन घेतल्यावर लघवी लालसर होते, ते रक्त नसतं. डॅप्सोननं काहींचे ओठ, नखं निळसर दिसतात, कारण हिमोग्लोबिनचा काही भाग प्राणवायू वाहून नेईनासा होतो. धाप लागत असेल तर लगेच सांगा. आणि डॅप्सोन सुरू केल्यापासून पहिल्या दीड-दोन महिन्यांत अंगभर खाज सुटून पुरळ, ताप, कावीळ आली तर ती रिअॅक्शन वेगळीच आणि धोक्याची आहे, तिच्यात डॅप्सोन बंदच करावं लागतं. तुमच्या आईला आठ महिने झाले आहेत आणि पुरळ नसून गाठी आहेत, म्हणून मला ती शक्यता कमी वाटते.

आता बोटांचं. रक्त बिघडून किंवा रक्त न पोचून बोटं झडतात ही समजूत मी गावोगाव ऐकली आहे, शिकल्या-सवरल्या घरांतही. बहुतेक रुग्णांच्या पायाच्या नाड्या ठणठणीत लागतात आणि जखमेला पूर्ण विश्रांती दिली तर ती छान भरते. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला हेच पुन्हा पुन्हा दाखवलं, की या रुग्णांचं मांस सडकं नसतं, त्याला फक्त वेदना कळत नाही. तळपायावर उभं राहिलं की तिथल्या केशवाहिन्या चेपल्या जातात. तुम्ही-आम्ही नकळत भार एका पायावरून दुसऱ्यावर टाकतो, बोटं हलवतो आणि रक्त पुन्हा धावतं. ज्याला काही जाणवतच नाही तो तसाच चालत राहतो. त्याच जागी पुन्हा पुन्हा भार पडून आत दाह होतो, फोड येतो, फुटतो, जंतू शिरतात, हाडापर्यंत जातात. बोट आखूड होतं ते अशा जखमा, भाजणं आणि हाड झिजणं यांमुळे.

पण वाहिन्यांचा वाटा शून्य आहे असंही म्हणता येत नाही. वाहिन्यांना आकुंचन-प्रसरण करायला लावणारे जे अत्यंत बारीक तंतू असतात, तेही या रोगात जातात. पूर्वी निदानासाठी हिस्टामिनची चाचणी करत. चट्ट्यावर आणि चांगल्या कातडीवर हजारात एक भाग हिस्टामिनचा थेंब ठेवायचा आणि त्यातून सुईनं हलकंसं टोचायचं. चांगल्या कातडीवर आधी टोचल्याजागी लाली, मग गांधीसारखी फुगवटी आणि तिच्याभोवती दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत लालसर वलय येतं. चट्ट्यावर फुगवटी येते, वलय येत नाही. कारण फुगवटी वाहिनी स्वतःच करते, वलय मात्र मज्जातंतूच्या सांगण्यावरून येतं. सावळ्या कातडीवर हे वलय दिसणं कठीण, म्हणून आपल्याकडे ही चाचणी फारशी टिकली नाही. तरी रोग कुठे लागला आहे ते समजून घ्यायला तिच्याइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. हे तंतू गेलेल्या हातापायांत थंडी पडली तरी वाहिन्या नीट आवळत नाहीत, गरमीत नीट उघडत नाहीत, घाम येत नाही. कातडी कोरडी, रखरखीत होते आणि भेगा पडतात. भेग म्हणजे जंतूंना उघडं दार.

म्हणून घरी रोज करायचं काम हे. हातपाय साध्या पाण्यात वीस मिनिटं बुडवायचे, जाड कातडी खरबरीत दगडानं हलकेच घासायची, न पुसता ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावायचं. पाणी गरम घ्यायचं नाही, तिला चटका कळणार नाही. मग दुसऱ्या कुणीतरी हाताच्या पालथ्या बाजूनं तिचा तळपाय चाचपायचा. एखादी जागा बाकीच्या पायापेक्षा गरम लागली आणि तासभर बसल्यावरही गरमच राहिली, तर तिथल्या वाहिन्या दाहानं रुंदावल्या आहेत. जखम अजून वर आलेली नाही, आत सुरू झाली आहे. त्या पायावर तीन-चार दिवस भार टाकायचा नाही. शासकीय दवाखान्यातून मऊ रबरी तळाची एमसीआर चप्पल मिळते, ती मागून घ्या. आणि चुलीवरचं भांडं, चहाचा पेला उचलताना फडकं वापरायची सवय लावा.

ईएनएलच्या औषधांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथंच घरचे लोक गडबडतात. सौम्य झटका असेल तर विश्रांती आणि दुखण्याची साधी गोळी पुरते. ताप, शिरा दुखणं, डोळा, गाठी फुटणं यातलं काही असेल तर प्रेडनिसोलोन लागतं. ते सुरू करण्याआधी साखर, रक्तदाब तपासतात, क्षयाची शंका नाही ना ते बघतात, जंताची गोळी देतात. गाठी बसल्या म्हणून आपल्या मनानं गोळी बंद केली तर झटका उलटतो आणि काही जणांचा रक्तदाब एकदम कोसळतो. मात्रा आठवड्याआठवड्यानं डॉक्टरच उतरवतील. वारंवार झटके येत असतील तर क्लोफाझिमिन जास्त मात्रेत देतात. त्याचा परिणाम दिसायला आठवडे लागतात, पण स्टेरॉइडची गरज त्यानं घटते. एमडीटीत ते थोड्या मात्रेत आधीच असतं.

तिसरं औषध थॅलिडोमाइड. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन यांनी ईएनएलनं तळमळणाऱ्या रुग्णाला झोपेसाठी ते दिलं आणि गाठी बसू लागल्याचं त्यांना दिसलं. ते टीएनएफ दाबतं आणि झपाट्यानं काम करतं. पण गर्भावर त्याचे परिणाम किती भयानक होतात हे जगानं पाहिलं आहे, त्यामुळे मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या स्त्रीला ते अगदी कडक काळजी घेतल्याशिवाय देता येत नाही. स्टेरॉइडसोबत दिलं तर पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत गुठळी व्हायचा धोका वाढतो. पोटरी एका बाजूनं सुजली, दुखली तर लगेच दाखवायचं.

घरच्यांना हे सांगा की रक्त बिघडलेलं नाही आणि गोळ्या उष्ण पडलेल्या नाहीत. हा झटका आला म्हणून संसर्गाचा धोका वाढलेला नाही. एमडीटी सुरू झाल्यावर काही दिवसांतच तो जवळजवळ संपतो, म्हणून आईचं ताट, पांघरूण वेगळं करायचं कारण नाही. बारा पाकिटं पूर्ण झाल्यानंतरही मेलेल्या जंतूंचे अवशेष शरीरातून जायला वर्षं लागतात, तोवर असे झटके पुन्हा येऊ शकतात. ते आले म्हणून रोग उलटला असं समजून नव्यानं एमडीटी सुरू करायची नसते.

उद्या जाताना एमडीटीचं कार्ड आणि सध्याचं पाकीट सोबत न्या. डॉक्टरांना विचारा: शिरांची तपासणी आणि हातापायांच्या स्नायूंची ताकद मोजून कार्डावर लिहिली का, डोळे पाहिले का, लघवीत प्रथिनं तपासली का. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रेडनिसोलोन नसेल तर जिल्ह्याच्या कुष्ठरोग कार्यालयाकडे किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचा विभागात चिठ्ठी घेऊन जा. पहिल्या महिन्यात दर आठ-पंधरा दिवसांनी ताकद पुन्हा मोजायला लावा, गाठी गेल्या असल्या तरी.